चौदा नंबरचं पाणी

केनवड, ९ डिसेंबर २०२५

चि. निकिता,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. तुझे बाबा तुरीच्या ओल्या शेंगा खाऊन खाऊन पोट बिघडवून बसले आहेत. ख्यालीखुशाली झाली, आता कामाचं. फोनवर तू घाईत असतेस आणि मला अर्धं ऐकू येतं, म्हणून मेलवर लिहिते आहे. उत्तरही असंच, पूर्ण वाक्यांत दे. अंगठे आणि हसरी तोंडं पाठवू नकोस.

आज सकाळी साडेनऊला संस्थेचा सर्व्हर अडकला. दहाचं पाणी सुटायचं होतं आणि पडदा दगड झालेला. मी तुला फोन केला, तू म्हणालीस, "आत्या, कशालाच हात लावू नकोस," आणि पुण्यात बसून तू तो बंद करून पुन्हा चालू केलास. आपला पंपचालक सेवादास तेव्हा खोलीतच होता. कोणी हात न लावता डबा घुरघुरला, हिरवे दिवे लागले, तसा तो उंबऱ्याबाहेर गेला. तिथून विचारतो, "बाई, याच्यात कोनी बसून हाय का?" मी म्हटलं, निकिता आहे. "पुन्यातून? मंग जातानी दार लावून घे म्हना."

दुसरी गोष्ट अधिक डोकेदुखीची. आपली संस्था बावीस भाजीवाल्यांची. तलावावरून एक पाइप, प्रत्येकाच्या वावराच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह, आणि कोणाचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे तुझा सर्व्हर ठरवतो. पूर्वी सेवादास सायकलवर फिरून चाव्या फिरवायचा आणि रोज कोणाचं तरी भांडण अंगावर घ्यायचा. दीड वर्षात पाण्याच्या नंबरावरून एकही भांडण झालं नाही. लोकांना करमेना. शेवटी अध्यक्ष पंजाबरावांनी नवं कारण शोधलं. रविवारच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष मी, न् पासवर्ड सचिवाजवळ? हे कोन्त्या कायद्यात बसते?"

मी म्हटलं, "तुम्हाला तो कशाला हवा?"

"तुमाले कायले पायजे होता?"

अकरा विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. मी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो न वाचता खिशात घातला आणि खिशावरून दोनदा हात फिरवला.

आता मला सांग, त्या पासवर्डानं माणूस नेमकं काय काय करू शकतो?

तुझी आत्या
सुचिता


पुणे, १२ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

पूर्ण वाक्यांत लिहिते आहे. शाळेची आठवण झाली.

सेवादासकाकांना सांग, मी डब्यात बसत नाही. सर्व्हरच्या पोटात एक छोटं कार्ड आहे. मोठं यंत्र अडकलं, झोपलं, अगदी बंद पडलं तरी ते कार्ड जागं असतं. मी इथून त्याच्याशी बोलते आणि ते माझ्या वतीनं बटण दाबतं. म्हणून दर वेळी मला केनवडला यावं लागत नाही. बाबांना मात्र हा त्या कार्डाचा दोष वाटतो.

आता तुझा प्रश्न. ॲडमिनिस्ट्रेटर काहीही करू शकतो. अध्यक्षाला सभेला विचारावं लागतं, सचिवाला वही दाखवावी लागते. ॲडमिनिस्ट्रेटरला कोणी काही विचारत नाही. तो नंबर बदलेल, सदस्य काढेल, कोणाचाही व्हॉल्व्ह बंद करेल. यंत्र फक्त नोंद ठेवतं की हे ॲडमिनिस्ट्रेटरनं केलं. आणि इथेच खरी भीती आहे. आता त्या एकाच नावानं तू जाणार, पंजाबरावकाका जाणार आणि मी जाणार. यंत्राला तिघं एकच. उद्या काही बिघडलं तर कोणी केलं हे ते सांगू शकणार नाही.

माझं ऐक. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या नावाचं खातं देऊ. ज्याला जेवढं काम, तेवढाच अधिकार. पंजाबरावकाकांना यादी बघता येईल, स्वतःचा नंबर दुसऱ्याला देता येईल, बस. फार काम नाही. सदस्यांची यादी दीड वर्षापूर्वीची आहे, ती मी सवडीनं बघते. तू फक्त हो म्हण.

निकिता


केनवड, २७ डिसेंबर २०२५

चि. निकिता,

तुझ्या पत्राचं उत्तर मी दिलं नाही, कारण मला ते पटलं नव्हतं. बावीस जणांना बावीस पासवर्ड! अर्धे लोक आपला पासवर्ड चुन्यानं भिंतीवर लिहितील. एक कुलूप, एक चावी, तीन जबाबदार माणसं, हे मला पुरेसं वाटलं. तुझं म्हणणं बरोबर होतं हे आता लिहावं लागतं आहे. लिहिलं. पुढे वाच.

गुरुवारी, पंचवीस तारखेला, गोजराबाईला पाणी मिळालं नाही.

तिचा नंबर गुरुवारी दहा ते एक. बुधवारी तिनं कोबीची लावण केली होती, तीन हजार रोपं. लावणीनंतरचं पाणी म्हणजे रोपाचा जीव, हे तुला पुण्यातही आठवत असेल. ती व्हॉल्व्हपाशी उभी. दहा वाजले, सव्वादहा वाजले, पाइप कोरडा. पाणी तेरा नंबरवरून थेट पंधरा नंबरला गेलं. मी त्या दिवशी डोळे दाखवायला वाशीमला गेले होते, ऑफिसला कुलूप. शुक्रवारी वीज नव्हती. आज सकाळी सेवादासनं पाना लावून व्हॉल्व्ह हातानं उघडला, तोवर हजारभर रोपं माना टाकून बसली होती.

गोजराबाई ऑफिसात आली. ओरडली नाही, हेच मला जास्त लागलं. "बाई, तुमच्या कॅम्पुटरनं मले काहून टाकलं?" एवढंच म्हणाली. मी यंत्रातली नोंद उघडली. बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबर बंद केलेला आहे. कोणी? ॲडमिनिस्ट्रेटरनं.

मी केलं नाही. तू इतक्या लांबून कशाला करशील? उरले पंजाबराव. त्यांचं आणि गोजराबाईचं वावर लागून आहे आणि मधल्या धुऱ्याच्या बांधावरून दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. गेल्या महिन्यात ते चहाच्या टपरीवर चार लोकांत म्हणाले होते, "मानूस गेला न् नंबर राह्यला." ते मी स्वतः ऐकलं आहे.

अकरा जानेवारीला, रविवारी, विशेष सभा बोलावते आहे. विषय एकच: अध्यक्षांना पदावरून दूर करणे. माझ्याजवळ पुरावा पक्का हवा. यंत्राकडून काढून दे.

आत्या


गुहागर, २९ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

मैत्रिणींबरोबर कोकणात आले आहे. लॅपटॉप घरी ठेवला, कारण सोबत असला की मी समुद्राकडे पाठ करून बसते. त्यामुळे मला आत्ता इथून आत जाऊन बघता येत नाही.

गोजराकाकूंचं वाचून फार वाईट वाटलं. लहानपणी त्यांच्या वावरात मी गाजरं उपटून खाल्ली आहेत. कोणी मुद्दाम केलं असेल तर त्याला सभेत उभं करायलाच हवं.

पण नुसतं ॲडमिनिस्ट्रेटर असं आलं तर त्यावरून माणूस ओळखता येत नाही. ती नोंद पूर्ण असते, त्यात पुढे आणखी शब्द असतात. तू ओळ जशीच्या तशी उतरवून पाठव. काना-मात्रेसकट.

निकिता


केनवड, ३१ डिसेंबर २०२५

चि. निकिता,

ओळ अशी आहे: "सदस्य नानाजी. खाते बंद. संलग्न व्हॉल्व्ह १४ बंद. बदल करणारा ॲडमिनिस्ट्रेटर. प्रवेश बाहेरून."

नानाजी म्हणजे गोजराबाईचे यजमान. चार वर्षांपूर्वी गेले. पण ते वावर आजही नानाजीचंच. तू यादी मागितलीस तेव्हा सेवादासनं बावीस नावं सांगितली, त्यात तेच नाव सांगितलं, आणि आम्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. इथे माणूस गेला म्हणून वावराचं नाव बदलत नाही. पोस्टमनही गोजराबाईचं पत्र नानाजीच्या घरी म्हणूनच नेऊन देतो. म्हणजे ज्यानं नाव बंद केलं त्याला नेमकं माहीत होतं की पाणी कोणाचं तुटणार. परका माणूस हे करूच शकत नाही.

आणि "प्रवेश बाहेरून". म्हणजे ऑफिसात येऊन नाही, घरी बसून, मोबाईलवरून. सरळ आहे.

काल मी पंजाबरावांच्या वावरात गेले. ते फुलकोबीची पोती शिवत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं.

"पंजाबराव, चौदा नंबर तुम्ही बंद केला का?"

"कोन म्हन्ते?"

"यंत्र म्हणतं."

"मंग यंत्रालेच इचारा."

"पासवर्ड तुमच्याजवळ आहे."

"हाय ना! ठरावानं हाय. अध्यक्ष हाय मी. म्या काय केलं न् काय नाई, याचा जबाब तुमाले काहून देऊ? तुमी काय शाळा घेऊन राह्यल्या माही?"

छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी. ज्याला उत्तर येत नाही तो बाईंवर चिडतो, आणि ज्यानं कॉपी केली तोही चिडतो. पण "मी केलं नाही" एवढे तीन शब्द ते बोलले नाहीत. बोलायला काय जात होतं?

नोटीस आज एकवीस घरांत वाटली. खाली माझी सही आहे. आता तू फक्त त्या "बाहेरून"चा मोबाईल कोणाचा ते काढ.

नव्या वर्षाचे आशीर्वाद उद्याचे आजच देते.

आत्या


पुणे, ४ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

काल पुण्याला परतले. पत्राला उशीर झाला.

"बाहेरून" म्हणजे मोबाईलच असं नाही. ऑफिसातल्या कळफलकावरून न येता दूरच्या व्यवस्थापनाच्या रस्त्यानं कोणी आलं तरी यंत्र तेच लिहितं. त्यातून माणूस सिद्ध होणं कठीण असतं. शिवाय चुकूनही असं होऊ शकतं. मुद्दामच केलं असेल असं नाही. पंजाबरावकाकांना यादीत आत शिरून एक नाव शोधून ते बंद करणं इतकं सगळं येत असेल असं मला तरी वाटत नाही.

चौदा नंबर मी परत सुरू केला आहे. या गुरुवारी गोजराकाकूंना पाणी वेळेवर मिळेल.

सभा थोडी पुढे ढकलता येईल का? घाई नको. तुझा गुडघा कसा आहे?

निकिता


केनवड, ६ जानेवारी २०२६

चि. निकिता,

तुझ्या पत्रात एकही वाक्य सरळ नाही. "असू शकतं", "असेल असं नाही", "वाटत नाही". तू सातवीत असताना असं लिहायचीस, गृहपाठ झाला नसला की.

मला तुझी अडचण कळते. पंजाबराव तुझ्या बाबांचे मित्र. तू त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली आहेस. गावाशी वाकडं नको, असं तुला वाटतं. मी ते समजू शकते, पण मान्य करू शकत नाही. एका एकट्या बाईचं पाणी तुटलं आहे. सभा पुढे ढकलणार नाही. पाच दिवस आहेत. पंधरा जण त्यांना काढायच्या बाजूनं आहेत. काही तर आताच त्यांच्या ओट्यावर जायचे थांबले आहेत.

माझ्या गुडघ्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आत्या


पुणे, ८ जानेवारी २०२६

आत्या,

मी केलं.

चोवीस तारखेला दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी यादी उघडली. तू खात्यांना हो म्हणाली नव्हतीस, पण मला वाटलं, तयारी करून ठेवावी, म्हणजे आत्या नाही म्हणू शकणार नाही. यादीत चौदाव्या ओळीवर नाव दिसलं, नानाजी. नानाजीकाकांच्या तेरवीला मी आले होते. आमच्या कामात पहिली शिस्त ही की माणूस गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद. सोडून गेलेल्याचं नाव चालू राहिलं तर त्या वाटेनं कोणीही आत येतं. गेल्या वर्षी एका सहकाऱ्यानं नोकरी सोडली, तो खाली निरोपाचा चहा पीत होता तोवर मी त्याचं खातं बंद करून मोकळी झाले होते. तशीच इथेही झाले. दीड वर्ष कोणाच्या लक्षात आलं नाही, मी केलं, म्हणून स्वतःवर खूश झाले आणि डबा उघडला. त्या नावाला एक वावर बांधलेलं आहे, हे मी बघितलंच नाही. संध्याकाळी लॅपटॉप कपाटात ठेवून मी समुद्रावर गेले.

तू सत्तावीस तारखेला लिहिलंस तेव्हा खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. तू गोजराबाई म्हणालीस, मी नानाजी बंद केले होते. एकतीसच्या पत्रात ती ओळ वाचली तेव्हा कळलं.

त्यानंतरचे आठ दिवस मी लपवलं. त्याला काही कारण शोभत नाही, पण खरं सांगते. चालू यंत्रावर न विचारता, न नोंदवता बदल केला तर आमच्याकडे नोकरी जाते, आणि हे नव्या लोकांना शिकवायचं काम माझंच आहे. आणि तू गावभर सांगतेस, आमची निकिता चुकत नाही. मला वाटलं, पुरावा कच्चा आहे म्हटलं की तू सोडून देशील. मी तुझी भाची असून तुला ओळखलं नाही.

हे पत्र सभेत वाच. माझ्या नावासकट वाच. गोजराकाकूंच्या हजार रोपांचे पैसे मी पाठवते. पंजाबरावकाकांना फोन करायचं धैर्य अजून झालेलं नाही, पण करीन.

निकिता


केनवड, ९ जानेवारी २०२६

निकिता,

पत्र वाचलं. पहिल्यांदा तुझ्यावर चिडत वाचलं, दुसऱ्यांदा स्वतःवर. तू न विचारता बंद केलंस, ही तुझी चूक. तू सांगूनही एकाच नावाची चावी तिघांत फिरू दिली, आणि नोंदीत माणसाचं नाव नसताना मी ते स्वतःच्या मनानं भरलं, ही माझी. गणितात मी असल्या पोरांना शून्य दिलं आहे.

संध्याकाळी पंजाबरावांकडे गेले. ओट्यावर एकटेच होते. मी म्हटलं, "पंजाबराव, चूक आमच्या घरातली आहे. तुमची माफी मागायला आले." आणि तुझं पत्र वाचून दाखवलं.

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बाई, म्या त्यात कवा गेलोच नाई. एकडाव बी नाई."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? का अध्यक्षाले दार उघडता येत नाई?"

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. घडीवर घडी पडून ती जाळीसारखी झाली होती. ज्या दिवशी मिळाली त्याच दिवशी घरात दार लावून त्यांनी मोबाईलवर प्रयत्न केला होता. इंग्रजी अक्षरं, त्यात काही मोठी काही बारीक, मध्ये आकडे. "तीनदा चुकलं. चौथ्यानं त्यानं मलेच बंद केलं. मंग हातच नाई लावला."

"मग मागितला कशाला होता?"

"जवळ असावा म्हनून," ते म्हणाले. "खिशात असला का बरं वाटे."

आठवडाभर लोकांनी त्यांना टाकलं होतं. सगळं सोसलं, पण हे तोंडातून काढलं नाही. मी निघाले तेव्हा म्हणाले, "सभेत सांगा का पंजाबरावनं नाई केलं. पन त्याले येत नोतं, हे नका सांगू."

मी शब्द दिला आहे. तूही कोणाला बोलू नकोस, तुझ्या बाबांना तर मुळीच नाही.

आत्या


पुणे, १० जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

आज पंजाबरावकाकांना फोन केला. मी रडायला लागले तर म्हणाले, "अवं, रडू नको. तू पोरगी हायस, यंत्र हायस का?" आणि पुण्याला कोबीचा भाव काय ते विचारलं.

एक काम राहिलं आहे. माझे अधिकार काढ. मी स्वतः काढले तर ती पुन्हा मीच केलेली गोष्ट होईल. हे तुझ्या हातानं, सभेनं सांगितल्यावर व्हायला हवं. सोबत पायऱ्या लिहून पाठवते, एकूण सहा. शेवटच्या पायरीवर यंत्र विचारेल, "नक्की?" तिथे थांबू नकोस.

निकिता


केनवड, १६ जानेवारी २०२६

चि. निकिता,

सभेला एकवीस जण आले. बाविसाव्याची म्हैस व्यायला झाली होती, तेव्हा माफ.

मी तुझं पत्र वाचलं, एक शब्द न गाळता. मग सांगितलं की नोटिशीवरची सही माझी होती आणि ती चुकीची होती. अध्यक्षांची मी सर्वांसमोर माफी मागते आणि सचिवपदाचा राजीनामा देते.  पहिली बोलली ती गोजराबाई.

"चार वर्सांपहिले देवानं नेलं, आता पोरीनं बंद केलं. बिचाऱ्याले चैन नाई!"

मग जे हसू फुटलं त्यात सभेचा निम्मा विषय संपला. तुझ्या बाबांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. ते हसावं की नाही याचा निर्णय शेवटपर्यंत करू शकले नाहीत. रोपांच्या पैशांचं विचारलं तर गोजराबाई म्हणाली, पैसे नकोत, पोरीनं उन्हाळ्यात येऊन हजार रोपं लावून द्यावीत, वाकून. हे मी तुझ्या वतीनं मंजूर केलं आहे.

चौदा नंबरला आता कोणाचं नाव लावायचं यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी तिलाच विचारलं. "माहं लावा," ती म्हणाली. "पन कंसात त्याईचं राहू द्या. नाईतर पानी वाट चुकल." तसं लिहिलं आहे.

माझ्या राजीनाम्यावर पंजाबरावांनी अध्यक्ष म्हणून निर्णय दिला: "नामंजूर. अर्ज कोन लिहीन? मी?"

ठराव असे. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं, ज्याचं काम तेवढाच अधिकार. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदलून बंद पाकिटात, आणि पाकीट दोघांच्या सह्यांशिवाय उघडायचं नाही. तुला यंत्र अडकलं तर बंद-चालू करता येईल आणि नोंदी वाचता येतील. नावाला, नंबराला, व्हॉल्व्हला हात लावता येणार नाही. तुझ्या सहा पायऱ्या मी सोमवारी केल्या. यंत्रानं "नक्की?" विचारलं. मी थांबले, चहा घेतला, मग दाबलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज दुपारी पंजाबराव ऑफिसात "हिशेब बघायला" येत होते. सेवादासला मी त्या वेळी पाइप तपासायला पाठवत होते. दार लावलेलं होतं. यापलीकडे मी काही लिहिणार नाही.

आज शुक्रवार. आज त्यांचा नंबर. साडेनऊला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. ऑफिसात खताच्या चौकशीला आलेली सात-आठ माणसं होती, गोजराबाई होती. तिनं मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं काल लावली होती आणि तिच्या कालच्या नंबरात वीज तासभरच टिकली होती. पंजाबराव तिच्याशी बोलले नाहीत, तिच्याकडे बघितलंही नाही. खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "बाई, माहा आजचा नंबर चौदाले द्याचा हाय. सरका."

मी सरकले.

एका बोटानं सुरू झालं. पहिलं अक्षर सापडलं, दुसरं सापडेना. बोट कळफलकावर घिरट्या घालत होतं. एकदा नाव चुकलं, पुसलं, पुन्हा सुरू. दहा वाजले. पंप सुरू झाला, पाइपात पाणी येऊन थांबलं, कोणाच्या वावरात जायचं ते त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. दहा वाजून पाच मिनिटं.  गोजराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. सेवादासला राहवेना. तो पुढे झाला आणि हात लांब करून म्हणाला, "भाऊ, आना, मी दाबून देतो."

पंजाबरावांनी मान वर केली नाही.

"हात नोको लावू," ते म्हणाले. "माह्या नावानं होऊन राह्यलं."

आत्या